लॅसिकनंतर डोळे पुन्हा पुन्हा कोरडे पडतात? आधी घड्याळ बघा

गोव्यात बाणस्तारीचा पूल ओलांडून फोंड्याकडे निघालं की समोरून ट्रकांची रांग लागते. त्या संध्याकाळी पहिल्याच ट्रकचे दिवे मला काटेरी दिसले, प्रत्येक दिव्यातून चारी बाजूंना सुया फुटलेल्या. मागच्या ट्रकचे तसेच. मी स्कूटर कडेला घेतली, डोळे मिटून दहा आकडे मोजले आणि उघडले. दिवे पुन्हा गोल. म्हार्दोळ येईपर्यंत पुन्हा सुया.

डिसेंबर महिना होता. लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसरचं ऑपरेशन, करून नऊ महिने झाले होते. दोन्ही डोळ्यांचा उणे साडेपाचचा नंबर गेला होता. पहिले चार-पाच महिने डोळे कोरडे पडत, चुरचुरत, पण ते सांगूनच ठेवलं होतं आणि हळूहळू ओसरलंही होतं. म्हणून त्या रात्री मनात एकच आलं : नंबर परत आला. झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तपासलं तर नंबर शून्य. डोळे कोरडे होते, एवढंच.

त्यानंतर दीड वर्षात हा त्रास तीनदा गेला आणि तीनदा परत आला. प्रत्येक वेळी मी तीच बाटली काढली, तेच थेंब घातले आणि प्रत्येक वेळी निम्माच आराम पडला. शेवटी उपयोगी पडला तो एका डॉक्टरांचा साधा प्रश्न : "दिवसात नेमका कधी त्रास होतो?" मला उत्तर देता आलं नाही. दहा दिवस वहीत वेळा लिहिल्या, तेव्हा कळलं की एक म्हणून मी ज्याला धरून बसले होते ते तीन वेगळे त्रास होते. तुमचाही कोरडेपणा असाच जातो-येतो करत असेल, तर नवे ड्रॉप्स आणण्याआधी तुम्हीही वही काढा.

आधी कारण. ते कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात. माझ्या आईसकट बऱ्याच जणांना वाटतं की लेसरच्या उष्णतेने डोळा सुकला. तसं नाही. लॅसिकमध्ये कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, आकार देतो तो एक्सायमर लेसर, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो पेशीजाल भाजत नाही, त्याचे रेणूच सुटे करून उडवतो. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा गुण हेरला. घरच्या मेजवानीत उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी लेसर सोडला, आणि आजूबाजूला जळल्याची खूण न राहता स्वच्छ खाच पडली. कोरडेपणाचं मूळ कॉर्नियातल्या नसांत आहे. शरीरात नसांची इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी असते. फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाची वरची झाकणासारखी पातळ चकती, उचलण्यासाठी जवळजवळ पूर्ण वर्तुळाचा छेद घेतात, बिजागरीपुरती जागा तेवढी सोडतात, आणि त्या छेदात त्या नसा तुटतात. वरून नंबर जितका मोठा तितका लेसर खोल जातो, तितक्या नसा जास्त जातात. स्माइल या फ्लॅप नसलेल्या लेसर पद्धतीत छेद २ ते ४ मिलिमीटरचाच असतो, म्हणून त्यात हा त्रास सहसा कमी असतो. पण नसतोच असं नाही.

या नसांचं काम काय? डोळा सुकत चालला की त्या मेंदूला कळवतात, मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडायला लावतो आणि पापणीला लवायला. नसा तुटल्या की निरोपच जात नाही. बहुतेकांच्या नसा सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी परत वाढतात. तोवर डोळा अर्धा बधिर असतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे : सुकलेला डोळा तुम्हाला वेळेवर सांगत नाही. खुपायला लागतं तेव्हा तासभर उशीर झालेला असतो. म्हणून "वाटलं की घालीन" म्हणून ठेवलेले थेंब हमखास उशिरा पडतात. सुरुवातीच्या महिन्यांत ते घड्याळ लावूनच घालायचे.

दुसरी अडचण नावातच आहे. आई म्हणायची, "अगो, तुझ्या डोळ्यांतून तर धार लागलीय, आणि डॉक्टर म्हणतात कोरडे?" तिचं बरोबर होतं, डॉक्टरांचंही. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. आत डोळ्याला धरून राहणारा चिकट थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ तवंग. हे तेल पापणीच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. तवंग नसला की पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो, आणि मग घाबरून अश्रुग्रंथी एकदम बादली ओतते. ते पाणी टिकत नाही, गालावरून वाहून जातं. आणि डोळा पुन्हा कोरडा.

हे दोन प्रकार ओळखायच्या दोन सोप्या तपासण्या आहेत आणि त्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे होतात. मागून घ्या. पहिली शिर्मर चाचणी, १९०३ पासूनची. कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसायचं. १० मिलिमीटरच्या वर भिजली तर पाणी पुरेसं, ५ च्या खाली म्हणजे फारच कमी. दुसरीत डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात की पापणी न लववता अश्रूंचा थर किती सेकंद अखंड राहतो. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर कच्चा. माझी पट्टी १३ मिलिमीटर भिजली. थर चार सेकंदांत फाटला. मग डॉक्टरांनी खालच्या पापणीची कड बोटाने हलकेच दाबली आणि समोरच्या पडद्यावर मला दाखवलं. जिथे स्वच्छ तेलाचा थेंब यायला हवा होता तिथे टूथपेस्टसारखी पांढरी, घट्ट तार बाहेर येत होती. म्हणजे पाणी होतं. तेल तुंबलं होतं. आणि मी वर्षभर पाणीच ओतत बसले होते.

वही काय म्हणाली

माझ्या वहीत तीन वेळा पुन्हा पुन्हा आल्या : पहाटे उठताना, सकाळी अकरानंतर ऑफिसात, आणि संध्याकाळी गाडीवर. प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं.

उठताना पापणी चिकटलेली, आणि उघडताच आत काहीतरी ओरखडल्यासारखं. हे असेल तर रात्री काय होतं ते शोधा. मी आईला सांगितलं की मी गाढ झोपले की मोबाइलच्या मंद उजेडात माझे डोळे बघ. तिने सकाळी सांगितलं, "पूर्ण मिटत नाहीत. खाली पांढरी फट दिसते." बऱ्याच लोकांचे डोळे असे किंचित उघडे राहतात आणि आयुष्यभर त्यांचं काही अडत नाही. लॅसिकनंतर अडतं. वर पंखा पाचवर. गोव्यात मे महिन्यात पंखा बंद ठेवून झोपा म्हणणाऱ्याने इथली एक रात्र काढून बघावी. मी खाट सरकवली, छताचा पंखा दोनवर आणला आणि टेबलफॅन पायांकडे वळवला. झोपताना डोळ्यात जेल. जेलने वीसेक मिनिटं सगळं धूसर दिसतं, तेव्हा मोबाइल ठेवून दिवा घालवल्यावरच घालायचं, नाहीतर चिडून सोडून देता. मी दोनदा सोडलं होतं.

पण उठता क्षणी सुरी मारल्यासारखी कळ येत असेल, तासाभराने जात असेल आणि हे वारंवार होत असेल, तर कॉर्नियाची वरची साल रात्री चिकटून सकाळी निघत असू शकते. तो वेगळा आजार आहे. त्याला पंखा सरकवून चालणार नाही, डॉक्टरांनाच दाखवायला हवं. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखी पापुद्री दिसत असेल तर तेही त्यांना सांगा.

सकाळी अकरानंतरचा त्रास सगळ्यांत मोठा, म्हणून त्यावर जास्त लिहिते. मी पणजीत एका सीएच्या ऑफिसात काम करते. दिवसभर एक्सेल, मार्चमध्ये आणि रिटर्न भरायच्या दिवसांत रात्रीपर्यंत. पापणी लवण्याबद्दल मला कोणी बोललं की मी म्हणायचे, लवते की. मग एका शनिवारी भाच्याने माझा मोबाइल कीबोर्डसमोर उभा करून ठेवला आणि मी काम करताना पाच मिनिटं चित्रण केलं. ते आम्ही दोघांनी बसून मोजलं. माणूस एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापणी लववतो. मी सहा वेळा लववत होते. आणि चित्र थांबवून थांबवून पाहिलं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, ही तर अर्धीच मिटली." खरंच. सहापैकी चार वेळा वरची पापणी निम्म्यावर येऊन परत गेली होती. म्हणजे डोळ्याच्या खालच्या भागावर तासन्‌तास ताजं पाणी फिरतच नव्हतं. शिवाय तेलाच्या ग्रंथींतून तेल बाहेर पडतं ते पापण्या एकमेकींना टेकल्या की. अर्ध्या लवण्याने तेल येत नाही, न आलेलं घट्ट होतं, घट्ट झालेलं तुंबतं. माझ्या पांढऱ्या तारेचा उगम मला त्या चित्रणात सापडला.

हे पाच मिनिटांचं चित्रण तुम्हीही करा. फुकटातली इतकी उपयोगी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

उपाय असा : दर वीस मिनिटांनी डोळे सावकाश मिटायचे, दोन आकडे मोजायचे, उघडायचे, पुन्हा मिटून अगदी हलका दाब द्यायचा, उघडायचं. असं पाच वेळा. अर्ध्या मिनिटाचं काम. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गजर लावला तेव्हा दोन दिवस सगळे वैतागले, तिसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर दोघीजणी डोळे मिटायला लागल्या. स्क्रीन खाली घ्या. नजर किंचित खाली असली की डोळा कमी उघडा राहतो, वाफ कमी जाते. माझा मॉनिटर दोन फाइलींवर चढवून ठेवला होता, त्या काढल्या. आणि एसी. बाहेर हवेत ओल असते म्हणून इथे डोळे कोरडे कसे पडतील असं लोक विचारतात. एसी तीच ओल काढून नळीवाटे बाहेर सोडतो, आणि त्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर तुम्ही दिवसभर फोंड्यात किंवा पणजीत नसताच, कोरड्या वाऱ्यात बसलेले असता. मी जागा बदलून घेतली. नाही मिळाली तर झोत वर वळवा, पुठ्ठा लावा, काहीही करा.

संध्याकाळची गाडी. रायबंदरच्या बाजूने गेलं की एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खारफुटी आणि समुद्राकडून येणारा वारा. चष्मा होता तेव्हा तो वारा मला कधी जाणवलाच नव्हता. चष्मा सुटला म्हणजे डोळ्यांपुढची काचही गेली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता हेल्मेटची काच पूर्ण खाली, आणि कडेने बंद असणारा, संध्याकाळसाठी बिनरंगी गॉगल. गाडी काढायच्या पाच मिनिटं आधी थेंब. ट्रकच्या दिव्यांच्या सुया निम्म्याहून जास्त यानेच गेल्या. आणि सुया दिसल्या की एक खूण लक्षात ठेवा : पापणी लववल्यावर चित्र स्वच्छ होऊन काही सेकंदांत परत बिघडत असेल तर दोष अश्रूंच्या थरात आहे. नंबर पापणी लववून बदलत नाही.

हे सांगण्याला एक कारण आहे. अशा धूसर दिसण्याला कंटाळून काही जण "थोडा नंबर राहिला असेल, परत लेसर मारून घेऊ" म्हणतात. कोरड्या डोळ्यावर केलेली मापं भरवशाची नसतात. आधी कोरडेपणा आटोक्यात, मग मापं, मग विचार. आणि दुसरं लेसर म्हणजे त्या नसांवर दुसरा घाव.

थेंबांबद्दल

मी सर्वांत जास्त चुका इथे केल्या. फोंड्याच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागचे वयस्क गृहस्थ मला ओळखायला लागले होते. चौथ्यांदा तीच बाटली मागितली तेव्हा म्हणाले, "बाय, दिवसातून किती वेळा घालतेस?" म्हटलं, आठ-दहा वेळा. त्यांनी बाटली फिरवून बारीक अक्षरांतली एक ओळ दाखवली : बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं हे रसायन. दिवसातून तीन-चार वेळा थेंब घालणाऱ्याला ते सहसा बाधत नाही. आठ-दहा वेळा घातलं की तेच डोळ्याच्या पृष्ठभागाला सोलतं. म्हणजे मी आग विझवायला जे ओतत होते त्यातच सरपण होतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या : एकेका वेळेच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या मिळतात, किंवा झडप असलेल्या खास बाटल्या. महाग पडतात, हे खरं आहे. पण मी आठ महिने स्वस्त बाटलीवर जे घालवलं ते काही कमी नव्हतं.

आत औषध काय आहे तेही वाचायला शिका. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज अर्ध्या टक्क्याचं असेल तर पातळ, दिवसा चालतं. एक टक्क्याचं जाड, जरा जास्त टिकतं. सोडियम हायलुरोनेट पाणी धरून ठेवतं. तेलाचा दोष असेल तर तेलाचा अंश असलेले थेंब मागा, पांढरट दिसतात. घालताना खालची पापणी ओढून झोळी करायची आणि एकच थेंब. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच येतो. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आणि जेल नेहमी शेवटी.

दोन प्रकारच्या थेंबांपासून मात्र दूर राहा. एक, डोळे पांढरेशुभ्र करणारे. ते रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की लाली दुप्पट होते. दुसरे, स्टिरॉइडचे. डॉक्टर काही आठवड्यांसाठी देतात आणि त्यांनी सूजही उतरते. म्हणूनच लोक जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा घेतात. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. आणि लॅसिक झालेल्यांसाठी यात एक वेगळा धोका आहे जो कोणी आपणहून सांगत नाही : कॉर्निया पातळ झाल्यामुळे दाब मोजताना खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. वाढलेला दाब नॉर्मल दिसू शकतो. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य "माझं लॅसिक झालंय" हे असू द्या. ऑपरेशनच्या आधीच्या मापांचे कागदही जपून ठेवा. पुढे म्हातारपणी मोतीबिंदूची भिंग बसवायची वेळ आली की ते कागद शोधतात.

शेक

तेल तुंबलेल्यांसाठी हाच खरा उपाय आणि हाच लोक चुकीचा करतात. मी पंचा गरम पाण्यात पिळून डोळ्यांवर ठेवायचे. दीड मिनिटात गार. त्याने काही होत नाही. ग्रंथीतलं घट्ट तेल वितळायला पापणीला ४० अंशांच्या थोडी वर ऊब सलग आठ-दहा मिनिटं मिळायला हवी. मग आईने तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याची बोटभर जाड पिशवी शिवली, आणि त्यात दोन मुठी उकडे तांदूळ घातले. मायक्रोवेव्हमध्ये वीस-पंचवीस सेकंद, नीट हलवून घ्यायचं कारण मध्येच एखादा भाग जास्त तापतो, मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. मनगटाला चटका बसला तर डोळ्यांवर जायचं नाही. मिटलेल्या पापण्यांवर ओलसर रुमाल, त्यावर पिशवी, न दाबता. शेक झाला की लगेच, ऊब आहे तोवर, स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने हलकेच निपटायची. बुबुळावर दाब अजिबात नको. लॅसिकनंतर डोळे चोळणं कायमचं बंद. ऑपरेशनला थोडेच आठवडे झाले असतील तर शेकाआधी सर्जनला विचारा.

पहिले पंधरा दिवस काही फरक दिसला नाही. सहाव्या आठवड्यात दुपारचे थेंब विसरले आणि ते मला संध्याकाळी आठवलं. तेव्हा कळलं की लागू पडलंय.

शेकाने भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या डॉक्टरांच्या हातात असतात. सायक्लोस्पोरीनचे थेंब सुरुवातीला झोंबतात आणि असर दिसायला तीन ते सहा महिने घेतात. महिन्यात सोडून देऊ नका. अश्रू नाकाकडे वाहून जातात त्या छिद्रात इवलीशी गुडदी बसवतात, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यात राहतं. पण पापण्यांना सूज असेल तर ती आधी बरी करून घ्या. फारच हट्टी कोरडेपणात स्वतःच्याच रक्तातल्या द्रवापासून थेंब बनवून देतात.

परत का येतो

माझा तीनदा परत आला. एकदा डिसेंबरात : नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचा वारा घाटाकडून येतो, कोरडा असतो. इथली हवा नेहमी ओलसर या भरवशावर मी थेंब बंद केले होते. एकदा चतुर्थीत : पाच दिवस धूप, अगरबत्त्या, आरत्या, वर सर्दी, म्हणून रोज सेटिरिझिन. ॲलर्जीच्या गोळ्या नाकाबरोबर डोळेही सुकवतात. हे मला गोळीच्या पाकिटाने सांगितलं नाही. नैराश्याची काही औषधं आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइनही तेच करतं. औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. तिसऱ्या वेळी दिवाळीत नरकासुर जाळतात त्या पहाटे मी भाच्याबरोबर धुरात दोन तास उभी होते. आता जाते तेव्हा गॉगल लावून जाते आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहते.

माशांचं विचारतात म्हणून. ओमेगा-३ च्या कॅप्सूल मीही सहा महिने खाल्ल्या. २०१८ साली अमेरिकेत पाचशेहून जास्त रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या घेणारे यांच्यात लक्षणीय फरक निघाला नाही. मी कॅप्सूल थांबवल्या. तारल्यांचं हुमण थांबवलेलं नाही, ते कोरड्या डोळ्यांसाठी कधी खात नव्हतेच.

गुलाबपाणी, मध, तूप, आईचं दूध, त्रिफळ्याचं पाणी : घरातल्या मोठ्यांनी मायेने सुचवलेलं यातलं काहीही लेसर झालेल्या डोळ्यात घालू नका. निर्जंतुक नसलेली कुठलीच गोष्ट नको. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने उघडे डोळे धुऊ नका, त्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि त्याचा कॉर्नियाला झालेला संसर्ग महिनोन्‌महिने छळतो.

थोड्या लोकांचं दुखणं यातल्या कशातच बसत नाही. डोळा तपासला तर ओला, थर चांगला, आणि तरी जळतो, वारा सोसवत नाही, उजेड बोचतो. तुटलेल्या नसा जुळताना चुकीच्या जुळल्या तर असं होतं, त्याला नसांचं दुखणं म्हणतात. या लोकांना "तुमचा डोळा ठीक आहे, मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागतं. ते मनाचे खेळ नाहीत. कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे जा आणि नसांच्या दुखण्याचा प्रश्न तुम्हीच काढा.

आणि एकाएकी दृष्टी उतरली, जबर दुखलं, उजेड अजिबात सोसेना, पू आला किंवा डोळ्याला मार बसला, तर वही-बिही काही नाही. फ्लॅप वर्षांनंतरही मार लागून सरकू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर बांबोळीला गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलचा) तातडीचा विभाग उघडा असतो.

एरवी पुढच्या तपासणीला जाताना एक कागद न्या. त्यावर दहा दिवसांच्या वेळा, दिवसातून किती थेंब आणि कुठले, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, रात्री पंखा कुठे असतो, आणि चित्रणात मोजलेला आकडा, पुऱ्या लवण्यांचा आणि अर्ध्यांचा वेगवेगळा. माझ्या डॉक्टरांनी तो कागद आधी वाचला आणि मग दिवा लावला.